समर्थांचा बोरू आणि स्वदेशी शाईपेन

(नगराच्या कौटुंबिक एकत्रीकरणात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास पारायणाच्या ओघात पटकन वाचून होतो. ‘लेखनक्रियानिरूपण’ हे त्याचे नाव. विवेक, वैराग्य, राजकारण यांवर बोलणारे समर्थ येथे अक्षराचे वळण, दोन ओळींतील अंतर आणि पानाभोवतीचा समास यांविषयी बोलतात. कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षर झडू नये, एवढी जागा सोडायला सांगतात. तरुणपणी फार बारीक लिहाल तर म्हातारपणी ते वाचता येणार नाही, असा व्यवहारी इशाराही देतात. आणि पुढे, ठिकठिकाणचे, नाना जातींचे बोरू जमवावेत, असे सांगतात. आज एखादा तरुण चार गावांची पेने आणि दहा रंगांच्या शाया टेबलावर मांडून बसला, तर घरातली वडील मंडळी त्याला रिकामटेकडा म्हणतील. त्याने त्यांच्यासमोर खुशाल हा समास उघडावा.

अर्थात समर्थांचा आग्रह हौसेपुरता नव्हता. त्यांच्या मठांतून ग्रंथांच्या नकला होत होत्या आणि नक्कल अशुद्ध वा अवाचनीय झाली की विचार तेथेच थांबत होता. म्हणून त्यांनी एक कसोटी दिली. ग्रंथाचे पहिले अक्षर आणि शेवटचे अक्षर एकाच टाकाने लिहिल्यासारखे दिसले पाहिजे. शाईचा काळेपणा तोच, टाकाची जाडी तीच. साडेतीनशे वर्षांनंतरही शाईपेनाची याहून नेमकी परीक्षा दुसरी नाही. जे पेन पहिल्या ओळीत ठसठशीत उतरते, पाचव्या ओळीत फिके पडते आणि दहाव्या ओळीत कागदावर ठिपका टाकते, ते समर्थांच्या कसोटीला उतरत नाही, मग त्याची किंमत काहीही असो.

शाईपेनाचे कार्य वरवर सोपे दिसते. निबेखाली एक पन्हळ असते, तिला बारीक चिरा असतात. शाई केशाकर्षणाने त्या चिरांतून निबेच्या टोकाशी येते आणि जितकी शाई खाली उतरते तितकी हवा वर टाकीत जाते. ही देवघेव बिघडली की पेन एक तर अडते, नाही तर ओकते. आपल्याकडे ड्रॉपरने थेट दांडीत शाई भरायची पेने लोकप्रिय झाली, कारण त्यांत बिघडणारे भाग कमी आणि शाई भरपूर मावते. लहान काडतुसात पाऊण मिलिलिटरच्या आसपास शाई राहते, तर या दांडीत त्याच्या कितीतरी पट. पण शाई संपत आली की दांडीत हवा वाढते, तळहाताच्या उबेने ती प्रसरण पावते आणि उरलेली शाई बाहेर ढकलते. शाळकरी वयात ज्यांच्या खिशावर निळा डाग पडला, त्यांच्या आयांनी पेनाला दोष दिला. खरा दोष अर्ध्या रिकाम्या दांडीचा होता. जाड एबोनाइटच्या दांडीतून उष्णता हळू जाते, म्हणून जुने कारागीर तिचाच आग्रह धरीत. पेन निम्म्याहून रिकामे होऊ न देणे हा त्यावरचा घरगुती उपाय.

या वस्तूचा स्वदेशीशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध थेट आहे. परदेशी कापडाची होळी 1905 साली पुण्यात झाली. कापडाला हातमागाचा पर्याय तरी होता. पण स्वदेशीचे लेख ज्या पेनाने आणि शाईने लिहायचे, ती परदेशातून येत होती. ही विसंगती काहींना बोचली.

गिरगावात 1931 साली दिगंबर परशुराम दांडेकर आणि त्यांचे बंधू गोविंद यांनी शाईची पूड आणि वड्या करायला आरंभ केला. घोडा छाप शाई ती हीच. पुढे फाउंटन पेनाची ‘कॅमल’ शाई आली आणि त्यातून कॅम्लिन हे नाव महाराष्ट्राच्या प्रत्येक शाळेत पोहोचले. आंध्रातील राजमहेंद्री येथे के. व्ही. रत्नम यांनी 1932 च्या सुमारास हाताने पेने घडवायला घेतली. त्यांचे पेन वर्ध्याच्या ग्रामोद्योग संघाचे कुमारप्पा यांच्यामार्फत गांधीजींकडे गेले. त्यावर 1935 साली गांधीजींचे जे पत्र आले, ते नीट वाचण्यासारखे आहे. त्यात स्तुतीचा वर्षाव नाही. पेन वापरून पाहिले आणि बाजारातल्या विदेशी पेनांना ते चांगला पर्याय दिसते, एवढाच त्याचा आशय. आधी वापर, मग अभिप्राय. राजशाही येथे 1934 साली मैत्र बंधूंनी ‘सुलेखा’ शाई सुरू केली. तिच्यामागे बंगाल केमिकल्समध्ये काम केलेले रसायनज्ञ सतीशचंद्र दासगुप्त यांचे ज्ञान होते. राजशाही आज बांगलादेशात आहे. सुलेखा कलकत्त्यात वाढली.

तिन्ही ठिकाणी भावना होती, पण भावनेने शाई वाहत नाही. जुन्या मसीत काजळी आणि डिंक असे. काजळीचा कण पाण्यात विरघळत नाही, म्हणून ती पोथ्यांवर शतकानुशतके टिकली. पण तीच मसी फाउंटन पेनात घातली तर पन्हळीच्या चिरा बुजतील. येथे विरघळणारा रंग हवा, निबेत वाळू नये म्हणून ओलावा धरणारे द्रव्य हवे, बुरशी येऊ नये म्हणून प्रतिबंधक हवा आणि निब गंजू नये इतके सौम्य आम्लमान हवे. हे सारे साधले तेव्हा ग्राहक टिकला.

पुढे बॉलपेन आले. स्वस्त, न गळणारे, फेकून देता येणारे. सुलेखाचा कारखाना ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस बंद पडला. कॅम्लिनमधील बहुतांश हिस्सा 2011 साली कोकुयो या जपानी कंपनीने घेतला. या गोष्टीवर हळहळणारे पुष्कळ आहेत. त्यांच्यापैकी किती जणांच्या घरी त्या वर्षी शाईची दौत होती, हा प्रश्न थोडा अवघड जाईल.

सुलेखाची शाई 2020 साली पुन्हा बाजारात आली. राजमहेंद्रीत अजून पेने घडतात. तामिळनाडूत तिरुवळ्ळूरचे रंगा पेन एबोनाइटच्या कांडीतून लेथवर कातले जाते आणि परदेशातले हौशी लोक ते मागवतात. कानपूरची कॅनराइट पोलादी निबा करते. मात्र प्रामाणिकपणे हेही सांगायला हवे की, उंची भारतीय पेनांतील अनेकांची निब आजही जर्मनीहून येते. दांडी आपली, टोक परक्याचे. हे लपवून ‘शंभर टक्के स्वदेशी’ असे मिरवणाऱ्याने कारागिराचे भले होत नाही. केवळ अभिमानापोटी पेन घेऊन ते कपाटात ठेवणारा ग्राहक त्याला एकदाच भेटतो. जो रोज लिहितो, खरखर कोठे जाणवते ते कळवतो आणि सुधारलेले पेन पुन्हा विकत घेतो, त्याच्यावर कारागीर जगतो. चोखंदळ ग्राहकाची तक्रार हे स्वदेशीचे कामच आहे.

तेव्हा परीक्षा कशी करावी? पेन आधी साध्या पाण्याने धुवावे, कारण कारखान्यातले तेल पन्हळीत राहिलेले असते. शाई भरून ते रात्रभर आडवे ठेवावे आणि सकाळी पहिलीच रेघ उमटते का ते पाहावे. मग एकच मजकूर तीन कागदांवर लिहावा: शाळेची वही, झेरॉक्सचा कागद आणि पोस्टकार्ड. पुष्कळदा शाईला लावलेला दोष कागदाचा निघतो. ज्या कागदाला खळ कमी, त्यावर उत्तम शाईही फुटते आणि मागच्या बाजूला उमटते. एक दिवस वाळल्यावर अक्षरावर पाण्याचा थेंब सोडावा. रॉयल ब्ल्यू दिसायला प्रसन्न, पण त्या थेंबात ती जवळजवळ वाहून जाते. शाळेच्या गणवेशाला ती सोयीची, दस्तऐवजाला नाही. शेवटी कागदाची एक पट्टी कापून निम्मी पुस्तकात आणि निम्मी उन्हाच्या खिडकीत चिकटवावी. महिन्याने दोन्ही शेजारी ठेवल्या की कोणती शाई टिकाऊ, याचे उत्तर जाहिरातीत शोधावे लागत नाही.

टिकण्याला महत्त्व आहे. श्रीगुरुजींनी जून 1973 मध्ये देह ठेवला, तेव्हा त्यांनी आधी लिहून ठेवलेली तीन पत्रे उघडण्यात आली आणि त्यांतील एका पत्राने बाळासाहेब देवरसांकडे सरसंघचालकपद आले. पत्रे हाच ज्यांचा देशभरच्या कार्यकर्त्यांशी धागा होता, त्यांच्या परंपरेतल्या घरांत आज आजोबांची पत्रे पुठ्ठ्याच्या खोक्यात पडून आहेत. ती काढून पाहावीत. कोणती निळी उडाली आणि कोणती काळी राहिली, हे दिसेल. उडत चाललेल्या पत्रांचे छायाचित्र आजच घेतलेले बरे.

एक विषय अजून हाताळला गेला पाहिजे. जपानमध्ये सेलर 1911 साली, पायलट 1918 साली सुरू झाली. त्यांनी पाश्चात्त्यांचे पेन घेतले, पण निब आपल्या लिपीला जुळवून घेतली. दाट रेषांची कांजी लिहायची म्हणून त्यांची बारीक निब युरोपच्या बारीक निबेहून बारीक असते. आपले काय? देवनागरीचे सौंदर्य तिरक्या छाटाच्या बोरूत आहे. तो छाट रोमन लिपीच्या छाटाच्या उलट दिशेचा. त्यातूनच अक्षराची जाड-बारीक वळणे येतात. मोडीला तर हात न उचलता धावणारी, ओघवती निब हवी. दुकानातली गोल टोकाची निब या दोहोंपैकी कशासाठीच घडवलेली नाही. देवनागरीच्या छाटाची निब शाळेजवळच्या दुकानात शंभर-दीडशे रुपयांच्या पेनात मिळाली, तर सुलेखनाच्या वर्गाला चार मुले जास्त येतील. यासाठी प्रथम मागणी करणारे हात हवेत, आणि ते या सभागृहात आहेत.

दिवाळीच्या पाडव्याला वहीपूजनात पेन आणि दौत चौरंगावर येते, तिला हळदकुंकू लागते आणि बहुधा पुढच्या वर्षापर्यंत ती तशीच राहते. येत्या पाडव्याला पूजा आटोपल्यावर त्याच दौतीतली शाई भरून घरातल्या सर्वांत लहान मुलाने आजीला एक पत्र लिहावे. वहीचे पान चालेल. ओळी वाकड्या झाल्या तरी चालतील. लिहून झाल्यावर पेन नळाखाली, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवायला मात्र त्याच मुलाला शिकवावे.