रक्त कमी आहे, पण का?

रोवणी आटोपली, हात थोडे मोकळे झाले असतील. आज जरा बसून ऐका.

'रक्त कमी आहे' हे आपल्यातल्या बहुतेक जणींनी ऐकलंय. गरोदरपणात ऐकलं, शिबिरात ऐकलं आणि दर वेळी लोहाच्या गोळ्या घेऊन घरी आलो. पुष्कळदा तेवढ्यावर भागतंही. पण दर वेळी भागत नाही. हे आम्ही आमच्याच गटातल्या एका बाईच्या लेकीवरून शिकलो. तिच्या आईला विचारूनच, नाव न घेता, ती हकीकत सांगतो.

मुलगी नऊ वर्षांची. गेल्या वर्षी रोवणीच्याच दिवसांत ती पांढरी दिसायला लागली. शाळेतून आली की खाटेवर पडायची. आम्ही म्हटलं, पोरगी नीट जेवत नाही, गूळ-शेंगदाणे दे, शेवग्याची भाजी दे. गोळ्याही सुरू झाल्या. मग ताप यायला लागला. आम्ही म्हटलं, पावसाळा आहे. रात्री पाय दुखतात म्हणून रडायची. आम्ही म्हटलं, खेळून दमते. पायांवर काळेनिळे डाग दिसले, तेव्हा तर आम्ही तिच्या आईलाच विचारलं, "मारतेस का गं लेकीला?" ते आठवलं की आजही आमची मान खाली जाते.

असा दीड महिना गेला. एका सकाळी दात घासताना हिरड्यांतून रक्त आलं ते थांबेचना. आशाताई हातातलं काम टाकून तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन गेल्या. डॉक्टरांनी त्याच दिवशी रक्ताची पूर्ण मोजणी करायला पाठवलं. हिमोग्लोबिन 5 निघालं. प्लेटलेट दीड लाखाच्या वर हव्यात, त्या 18 हजार होत्या. दुसऱ्या दिवशी मायलेकी नागपूरला गेल्या. रक्ताचा कर्करोग निघाला.

आता हे होतं कसं, ते डॉक्टरांनी आम्हांला जसं समजावलं तसं सांगतो. रक्त हाडांच्या आतल्या मगजात तयार होतं. तिथं तीन तऱ्हेच्या पेशी बनतात. तांबड्या पेशी अंगभर प्राणवायू पोचवतात, पांढऱ्या पेशी रोगजंतूंशी लढतात आणि प्लेटलेट जखमेतून वाहणारं रक्त थांबवतात. प्लेटलेट हा शब्द आपण डेंग्यूच्या साथीत शिकलोच आहोत.

हाडातला हा मगज म्हणजे धानाचा पऱ्हा समजा. पऱ्ह्यात तण माजलं की रोपाला जागाच उरत नाही. या कर्करोगात बिघडलेल्या, अर्धवट वाढलेल्या पांढऱ्या पेशी अशाच माजतात आणि चांगल्या पेशींची जागा खातात. तांबड्या पेशी घटल्या की माणूस पांढरं पडतं, धाप लागते. चांगल्या पांढऱ्या पेशी घटल्या की ताप जात नाही. प्लेटलेट घटल्या की मार न लागता डाग पडतात, नाकातून, हिरड्यांतून रक्त येतं, पाळीत फार जातं. मगज आतून दाटतो म्हणून हाडं दुखतात. आम्ही प्रत्येक गोष्टीचं वेगळं कारण काढत बसलो होतो. कारण एकच होतं.

म्हणून पहिली गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. पांढरेपणासोबत न जाणारा ताप, मार न लागता पडलेले डाग, कुठूनही येणारं रक्त, हाडांचं दुखणं किंवा मानेत, काखेत गाठी, यांतलं काहीही असलं तर नुसत्या गोळ्यांवर थांबू नका. दोन-तीन दिवसांत रक्ताची पूर्ण मोजणी करून घ्या. रक्त थांबत नसेल तर त्याच दिवशी जा. डास चावल्यासारखे बारीक लाल ठिपके दिसले तर बोटाने दाबून बघा. दाबल्यावर फिके झाले नाहीत, तर ते कातडीखाली आलेलं रक्त असू शकतं.

यातलं काहीच नसेल, तरी महिना-दीड महिना गोळ्या नियमाने घेऊन हिमोग्लोबिन चढलं का ते तपासून घ्या. बाईचं 12 च्या वर हवं, गरोदर बाईचं 11 च्या वर. चढलं नाही तर विचारा, "डॉक्टर, कमी का आहे?" असं विचारण्यात काही उद्धटपणा नाही.

आपल्या विदर्भात आणि तिकडे नंदुरबारकडे आणखी एक कारण घरोघर सापडतं, ते म्हणजे सिकलसेल. यात तांबडी पेशी गोल राहत नाही, विळ्यासारखी वाकडी होते. चांगली पेशी सुमारे 120 दिवस जगते, ही दहा-वीस दिवसांत फुटते. वाकड्या पेशी बारीक नसांत अडकल्या की हातपाय, छाती, पोट असह्य दुखतं. हा कर्करोग नव्हे. तो आई आणि बाप दोघांकडून मिळून येतो. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारांत एक शक्यता मूल आजारी असण्याची. तेव्हा एकट्या सुनेला बोल लावणं बंद करा. सरकारने 2023 साली सिकलसेल निर्मूलनाचं देशभराचं अभियान सुरू केलं आहे. आरोग्य केंद्रात साधी तपासणी होते, आणि त्यात आढळलं तर पक्कं निदान करायला दुसरी तपासणी करतात. लग्न ठरवण्याआधी पत्रिका पाहता, तसा हा कागदही पाहा. यात हायड्रॉक्सियुरियाची गोळी आणि फॉलिक ॲसिड देतात. लोहाच्या गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारूनच, कारण वारंवार रक्त चढवलेल्यांच्या अंगात लोह आधीच साचलेलं असतं.

म्हणजे बघा, तिघी जणी पांढऱ्या दिसल्या तरी तिघींचं औषध वेगळं. एक प्रकारचा कर्करोग मोठ्या माणसांना हळूहळू होतो, डाव्या बरगडीखाली पाणथरी वाढून पोट जड वाटतं. त्यात बहुतेकांना रोजच्या गोळीवर वर्षानुवर्षं चांगलं जगता येतं. आणि म्हातारपणी रक्त कमी आणि पाठीचं हाड सतत दुखतंय, हेही वयाचं म्हणून सोडू नका.

आता भीतीबद्दल. रक्ताच्या मोजणीत शंका आली की काचपट्टीवर रक्त पसरून दुर्बिणीखाली पाहतात, हिवतापासाठी करतात तशीच. मग मगजाची तपासणी. 'कण्यातून पाणी काढलं की माणूस पांगळं होतं' असं आमच्याकडे एक म्हातारीबाई म्हणाली आणि मुलीचा बाप अडून बसला. मगज कण्यातून काढत नाहीत, कमरेच्या मागच्या हाडातून काढतात, जागा बधिर करून. तेव्हा दुखतं, पण पांगळेपण येत नाही. आणि हा आजार संसर्गाने पसरत नाही. तिच्या ताटात जेवलं, तिच्याजवळ झोपलं म्हणून कुणाला होत नाही.

दुसरी गोष्ट सदाफुलीची. आपल्या अंगणातल्या सदाफुलीपासून व्हिन्क्रिस्टीन नावाचं औषध काढतात आणि ते या आजारात खरंच देतात. हे ऐकून एका शेजारणीने पाल्याचा रस काढून आणला. तो देऊ नका! औषध वेगळं काढून, शुद्ध करून, नेमकं मोजून शिरेतून देतात. पाला चावला तर त्यातली विषारी द्रव्यं पोटात जातात.

पहिल्या सहा आठवड्यांत आमची मुलगी इतकी सुधारली की हसायला, भांडायला लागली. तपासणीत आजार दिसेना. बाप म्हणाला, "बरी झाली, आता कशाला नेता? बैल विकला, मजुरी बुडाली." याच वळणावर पुष्कळ मुलं हातची जातात. निंदण करून बांधी स्वच्छ दिसली तरी मातीत तणाचं बी असतंच ना? तसंच हे. लहान मुलांच्या या कर्करोगाचा उपचार दोन ते अडीच वर्षं चालतो. पूर्ण केला तर बहुतेक मुलं बरी होतात. मध्येच सोडला तर आजार परत येतो आणि मग तो ऐकत नाही.

त्या रात्री आम्ही सहा जणी त्यांच्या अंगणात बसलो. उपचाराचा खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून होत होता. त्यात कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत मदत मिळते, रेशनकार्ड आणि आधार घेऊन दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटायचं. पण गाडीभाडं, तिथलं जेवण, मागे राहिलेलं धाकटं पोर, शेळ्या, यांना योजना नसते. म्हणून वाटून घेतलं. धाकट्याला एकीने सांभाळायचं, शेळ्या दुसरीने चारायच्या, भाड्यासाठी गटातून बिनव्याजी पैसे द्यायचे. रेल्वेत कर्करोगाच्या रुग्णाला सवलत असते, त्याचा दाखला दवाखान्यातून आणला. रक्त लागलं तेव्हा गावातली सात पोरं गेली. 18 वर्षांवरचं, 45 किलोहून जास्त वजनाचं, साडेबारा हिमोग्लोबिन असलेलं निरोगी माणूस रक्त देऊ शकतं. आमच्यातल्या दोघी गेल्या होत्या, दोघींचंही हिमोग्लोबिन कमी निघालं. त्यांनी तिथंच विचारलं, "का?"

आणखी एक. उपचार चालू असताना ताप आला तर गावात गोळी देऊन सकाळची वाट पाहू नका. रात्र असो, पाऊस असो, लगेच दवाखाना. अंगात लढायला पेशी नसतात, काही तासांत जीवावर बेततं. गावात सुई टोचून घेऊ नका, ॲस्पिरिन देऊ नका. पाणी उकळून, जेवण ताजं.

आमच्या मुलीचे तेरा महिने झालेत, अजून वर्षभर जायचं आहे. केस परत आलेत, या वेळी कुरळे. परवा तिची आई नागपूरला निघाली तेव्हा बाप स्वतः पिशवी घेऊन बसथांब्यापर्यंत आला. पुढचं काय ते आम्हांला ठाऊक नाही. पण तारीख चुकू द्यायची नाही, एवढं गटाने ठरवलंय.

या आठवड्याच्या बैठकीत एवढंच करा. तुमच्या गटात कुणाला, कुणाच्या लेकराला 'रक्त कमी आहे' असं सांगितलंय, त्यांची नावं काढा. कागद पुन्हा बघा. हिमोग्लोबिन चढलं का? नसेल तर आशाताईंना सोबत घ्या आणि जा.

येतो आम्ही. नमस्कार.