‘प्रथमच’ हा शब्द मी खोडला

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



आमच्या गावातल्या थाळीच्या प्रयोगाविषयी बोल, असं मला सांगितलं आहे. बोलते. पण आधी एक कबुली देते. हा प्रयोग आमचा नाही. तो आमचा आहे असं मी वर्षभर समजत होते, लिहीत होते आणि भाषणांतून सांगतही होते.

झालं असं. बचत गटाच्या बैठकीत एक बाई मनगट पदराखाली लपवून बसली होती. ते सगळ्यांना दिसत होतं. रात्री तिच्या घरातला आवाज चार घरं ऐकत होती, पण जायचं कुणी? एकटी गेली तर तिचाच नवरा तिला विचारणार, तुला काय नसत्या पंचायती? तेव्हा मी म्हटलं, एकटीनं जायचंच नाही. आवाज आला की आपापल्या दारात थाळी वाजवायची, आणि वाजवत वाजवत त्या घरापुढे जमायचं. भांडायचं नाही, आत शिरायचं नाही. फक्त वाजवत उभं राहायचं.

पहिल्या रात्री अकरा जणी निघाल्या. 2020 च्या 22 मार्चला सगळ्या देशानं थाळ्या वाजवल्या होत्या, त्यामुळे एका म्हाताऱ्यानं ओट्यावरून विचारलं, “कोरोना परत आला का गं?” बाया हसल्या आणि हसण्यानं त्यांची भीती गेली. तो बाहेर आला, अकरा जणींकडे बघितलं आणि काही न बोलता आत गेला. मारहाण थांबली.

मला रात्रभर झोप आली नाही, इतका आनंद झाला. देणगीदार संस्थेला पाठवलेल्या अहवालात मी लिहिलं: ‘ग्रामीण महाराष्ट्रात प्रथमच राबवलेला अभिनव उपक्रम’.

पुढे एका बैठकीत मी हे सगळं रंगवून सांगितलं. सत्तरी ओलांडलेल्या एक ताई मागे बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “अगं पोरी, 1972 साली मुंबईत महागाईविरुद्ध आम्ही लाटणी आणि थाळ्या घेऊनच रस्त्यावर उतरलो होतो. मृणालताई, अहिल्याताई पुढे होत्या. आणि शहाद्याच्या आदिवासी बायकांनी दारूचे गुत्ते फोडता फोडता नवऱ्यांच्या मारहाणीचाही जाब गावासमोर विचारला होता. तुला कुणी सांगितलं नाही?”

त्या प्रेमानंच बोलल्या, पण मला ते लागलं. खरं सांगते, त्या दिवशी मला त्यांचा राग आला. आपल्या हातातलं काहीतरी काढून घेतलं, असं वाटलं. घरी येऊन मी पुस्तकं धुंडाळू लागले, तीही खरं तर आमच्यात आणि त्यांच्यात फरक कसा आहे हे सिद्ध करायला. सापडलं उलटंच. मणिपुरात मैरा पैबी बाया रात्री मशाली घेऊन गस्त घालतात आणि संकट आलं की विजेच्या खांबावर दगड आपटून साऱ्या वस्तीला जागं करतात. 2008 मध्ये ‘बेल बजाओ’ ही मोहीम निघाली. शेजारच्या घरात मारहाण होत असेल तर जाऊन दारावरची बेल वाजवा, एवढंच तिचं सांगणं होतं.

आणि नायजेरियातल्या इग्बो बाया! बायकोला छळणाऱ्या पुरुषाच्या घरापुढे त्या जमायच्या, कधी रात्रीसुद्धा. त्याची लक्तरं काढणारी गाणी म्हणायच्या, नाचायच्या, कंद कांडायच्या मुसळांनी त्याच्या झोपडीवर ठोकायच्या. तो चूक कबूल करून सुधारण्याचं वचन देईपर्यंत हलायच्या नाहीत. त्याला त्या ‘पुरुषावर बसणं’ म्हणत. 1929 मध्ये बायकांवर कर बसणार अशी धास्ती निर्माण झाली, तेव्हा हेच हत्यार हजारो बायांनी इंग्रजांनी नेमलेल्या मुखियांविरुद्ध उगारलं. गोळीबारात पन्नासहून अधिक बाया मेल्या. त्या बाया त्याला ‘बायकांचं युद्ध’ म्हणत. इंग्रजांच्या दफ्तरात मात्र ‘दंगल’ अशी नोंद झाली.

ज्युडिथ व्हॅन ॲलन यांनी 1972 मध्ये यावर लेख लिहिला आहे. तो माझ्या एम.एस.डब्ल्यू.च्या वाचनयादीत होता. मी तो वाचला नव्हता.

आता तुम्ही म्हणाल, एक कल्पना दोघींना सुचली तर बिघडलं काय? कल्पना सुचण्यात काहीच बिघडलं नाही. बिघडलं ते वेगळं आहे, आणि त्यासाठीच मी आज इथे उभी आहे.

तिसऱ्या महिन्यात आमच्या गटातल्या एकीच्या घरापुढे थाळ्या वाजल्या. नवरा गप्प बसला. आम्ही परत फिरलो. दिवे मालवल्यावर त्यानं तिला पुन्हा मारलं, गावात अब्रू घालवलीस म्हणून, आणि या वेळी तोंडात बोळा कोंबून, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. तिचा हात मोडला. आम्हाला सकाळी कळलं.

मी त्याच ताईंकडे गेले. त्या म्हणाल्या, “आवाज एका रात्रीचा असतो गं. थाळी थांबल्यावर ती बाई कुठे झोपणार, हे आधी ठरवायचं. आम्ही ते पोळून शिकलो.” म्हणजे उत्तर होतं. माझ्यापासून एका बसच्या अंतरावर होतं. मी विचारलं नव्हतं, कारण विचारण्यासारखं कुणाकडे काही असेल असं मला वाटलंच नव्हतं. ‘प्रथमच’ या शब्दाची किंमत तिच्या हातानं मोजली.

आपल्याला आपलाच इतिहास का ठाऊक नसतो? ताराबाई शिंद्यांचं ‘स्त्रीपुरुषतुलना’ 1882 मध्ये छापलं गेलं. पुढे ते विस्मरणात गेलं आणि 1975 मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा प्रसिद्ध केलं तेव्हा कुठे आपल्या हाती आलं. मधल्या नव्वद वर्षांत किती जणींनी तेच प्रश्न एकटीनं, पहिल्यापासून मांडले असतील! पण सगळा दोष इतिहासाला देऊन आपण सुटत नाही. आज देणगीदारांना दर वर्षी काहीतरी ‘नवं’ हवं असतं आणि आपण ते पुरवतो. जुन्या कार्यकर्त्यांना आपण सत्काराला बोलावतो, शाल देतो आणि त्यांना बोलायला पाच मिनिटं देतो. आपल्या अहवालांत यश असतं. मोडलेला हात नसतो.

हे सगळं गटाला सांगायला मी घाबरत होते. बाया खट्टू होतील असं वाटलं. इग्बो बायांची गोष्ट ऐकून एक जण म्हणाली, “मुसळ तर आपल्याकडंबी हाय की!” सगळ्या हसल्या. मग जिचा हात मोडला होता तिनं विचारलं, “त्या बाया निघून गेल्यावर त्या बाईचं काय व्हायचं?” माझ्या सगळ्या वाचनात हा प्रश्न मला पडला नव्हता.

आता आम्ही असं करतो. ज्या बाईसाठी वाजवायचं, तिला आधी विचारतो. ती नको म्हणाली तर वाजवत नाही. त्या रात्री ती आणि मुलं कुणाकडे झोपणार हे ठरलेलं असतं. घर सोडायचं नसेल तर दोघी जणी तिच्याकडे मुक्कामाला राहतात. सकाळी तिची तयारी असेल तर 2005 च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज करायला तिच्याबरोबर जातो. आणि कुठे चुकलं ते एका वहीत लिहून ठेवतो.

नव्या अहवालात मी ‘प्रथमच’ आणि ‘अभिनव’ हे दोन्ही शब्द खोडले. त्या जागी कुणाकुणाकडून शिकलो ते लिहिलं. देणगीदार संस्थेनं विचारलं, मग यात नवीन काय? मी लिहून कळवलं, वही.

ती वही मी आज बरोबर आणली आहे. जेवणाच्या सुट्टीत बघा, हवं ते उतरवून घ्या. आणि तुमच्याकडे हे आधी कुणी केलं असेल, आणि फसलं असेल, तर मागची पानं कोरी आहेत. त्यावर लिहून द्या.