क्लाऊडचा पेपर आणि तारापूरचं शहाणपण



बोईसर-तारापूरच्या पट्ट्यात गेली काही वर्षं एक प्रश्न सारखा कानावर येतो. विचारणारा कधी डिप्लोमा करून एमआयडीसीत इन्स्ट्रुमेंट विभागात लागलेला असतो. कधी पालघरच्या दांडेकर कॉलेजातून बीएस्सी झालेली मुलगी असते. कधी औषध कंपनीत क्यूएच्या फायली सांभाळून वैतागलेला कुणी असतो. ‘‘सर, क्लाऊडचं सर्टिफिकेशन करावं म्हणतो. पण आपण काही कॉम्प्युटर इंजिनिअर नाही. झेपेल का?’’

माझं उत्तर: झेपेल. कारखान्यात चार पावसाळे काढलेल्या माणसाला तर त्यातलं बरंच ओळखीचं वाटेल. कसं, ते आज सांगतो.

आधी क्लाऊड म्हणजे काय ते थोडक्यात. कंपनीच्या एसी खोलीत स्वतःचे सर्व्हर ठेवण्याऐवजी मोठ्या डेटा सेंटरमधली यंत्रं इंटरनेटवरून भाड्याने घ्यायची आणि जेवढी वापरली तेवढ्याचेच पैसे मोजायचे. ॲमेझॉनने २००६च्या मार्चमध्ये फायली साठवायची सोय आणली, तिचं नाव एस-थ्री. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये भाड्याचे सर्व्हर आले, ते ईसी-टू. मायक्रोसॉफ्टने २०१५मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नईत आपली केंद्रं सुरू केली. ॲमेझॉनची मुंबईतली केंद्रं २०१६च्या जूनमध्ये चालू झाली, गूगलची २०१७मध्ये. २०१८च्या जानेवारीत महाराष्ट्र शासनानेही सरकारी खात्यांसाठी क्लाऊडचं धोरण जाहीर केलं. तेव्हा हा सगळा कारभार सातासमुद्रापार चालतो, असं समजायचं कारण नाही.

आता परीक्षा. तिन्ही कंपन्यांच्या परीक्षा आहेत. मी उदाहरण ॲमेझॉनचं घेतो. पहिली पायरी ‘क्लाऊड प्रॅक्टिशनर’. ९० मिनिटांत ६५ प्रश्न, सगळे बहुपर्यायी. त्यातले १५ प्रश्न गुणांत धरत नाहीत, पण ते कोणते हे आपल्याला सांगत नाहीत. १०००पैकी ७०० मिळाले की पास. फी १०० डॉलर, म्हणजे आठ-नऊ हजारांच्या घरात, वर कर. पुढची पायरी ‘सोल्युशन्स आर्किटेक्ट असोसिएट’. प्रश्न तेवढेच, वेळ १३० मिनिटं, पास व्हायला ७२० आणि फी १५० डॉलर. चुकलेल्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नका. प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं.

बहुतेकांची गाडी रुळावरून घसरते ती तयारीच्या पहिल्याच आठवड्यात. ॲमेझॉनच्या सेवा दोनशेच्या वर. वही उघडून नावं पाठ करायला घेतात आणि पंचविसाव्या नावाला धीर सुटतो. त्याआधी अभ्यासक्रमाची विभागणी बघा. आर्किटेक्टच्या पेपरात सुरक्षिततेला ३० टक्के, बिघाड सोसणाऱ्या रचनेला २६, वेगाला २४ आणि खर्चाला २०. म्हणजे मूळ प्रश्न चारच. कुणाला कशाची परवानगी? एखादी वस्तू बंद पडली तर? काम वेळेत उरकतं का? आणि बिल किती? तारापूरच्या कुठल्याही प्लांटमधल्या शिफ्ट इनचार्जची पाळी याच चार प्रश्नांत जाते. देशातलं पहिलं अणुवीज केंद्र १९६९मध्ये इथे सुरू झालं. ‘हे बंद पडलं तर?’ असं विचारणारी माणसं तेव्हापासून या किनाऱ्यावर नांदतायत.

बंद पडण्याचंच आधी घेऊ. ॲमेझॉनच्या प्रत्येक प्रदेशात वेगवेगळे ‘अव्हेलेबिलिटी झोन’ असतात. मुंबईत असे तीन आहेत. प्रत्येकाची वीज वेगळी, कूलिंग वेगळं. एका ठिकाणी पाणी भरलं किंवा आग लागली तरी दुसरं चालू राहावं इतके ते लांब असतात. आणि डेटा क्षणात पोचावा म्हणून एकमेकांपासून १०० किलोमीटरच्या आत असतात. बोईसरहून चर्चगेट साधारण तेवढंच. पेपरात ‘हायली अव्हेलेबल’ हे शब्द दिसले, की उत्तरात निदान दोन झोन हवेतच. एकाच झोनमध्ये चार सर्व्हर मांडणारा पर्याय दिसायला कितीही भक्कम असला तरी तो खोडा. एकाच फीडरवर दोन पंप जोडून ‘स्टँडबाय आहे’ असं आपल्याकडचा इलेक्ट्रिशियनही म्हणणार नाही.

याच विषयात एक खरी घटना प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावी अशी आहे. २८ फेब्रुवारी २०१७. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या केंद्रात एस-थ्रीच्या बिलिंगचं काम संथ चाललं होतं, म्हणून तपास सुरू होता. अधिकार असलेल्या एका कर्मचाऱ्याने ठरलेल्या पद्धतीप्रमाणे मोजके सर्व्हर बाजूला काढण्याची आज्ञा दिली. आज्ञेतला एक तपशील चुकला आणि हवे होते त्यापेक्षा कितीतरी जास्त सर्व्हर निघाले. कुठली फाईल कुठे आहे याची नोंद ठेवणारी यंत्रणाच त्यामुळे अडकली. ती पूर्ण बंद करून पुन्हा चालू करावी लागली, आणि असं मोठ्या केंद्रात कित्येक वर्षांत केलेलं नव्हतं. चार तासांच्या आसपास अर्ध्या इंटरनेटला घरघर लागली. गंमत म्हणजे ‘आमची सेवा बंद आहे’ हे सांगणारा ॲमेझॉनचा फलकही एस-थ्रीवरच अवलंबून असल्याने सुरुवातीला तो बदलता येईना! नंतर त्यांनी सर्व्हर सावकाश निघावेत आणि ठरावीक संख्येच्या खाली जाऊच नयेत, असा अडसर घातला. तुमच्या भाषेत, इंटरलॉक बसवला. हा अहवाल ॲमेझॉननेच जाहीर केलेला आहे. तो नीट समजला, तर बिघाड सोसणाऱ्या रचनेवरचे निम्मे प्रश्न वाचतानाच उलगडतील.

दुसरा विषय परवानगीचा, आणि इथे औषध कंपन्यांतली मंडळी बाजी मारतात. संगणकावरच्या नोंदी आणि सह्या कशा असाव्यात यासाठी अमेरिकेच्या एफडीएचा १९९७पासून नियम आहे, ‘पार्ट इलेव्हन’. प्रत्येकाचा लॉगइन वेगळा. पासवर्ड वाटून घ्यायचा नाही. कुणी, कधी, काय बदललं याचा ऑडिट ट्रेल राहिला पाहिजे. लॅबच्या केमिस्टला प्रॉडक्शनची नोंद बदलता येता कामा नये. आता क्लाऊडचं पुस्तक उघडा. तिथे ‘लीस्ट प्रिव्हिलेज’ म्हणजे कामापुरतीच परवानगी. ‘क्लाऊडट्रेल’ म्हणजे कोणी काय केलं याची नोंद. खातं उघडताना मिळणाऱ्या रूट लॉगइनला दुहेरी खात्री लावायची, तो कपाटात ठेवायचा आणि रोजच्या कामाला हात लावायचा नाही. ऑडिटरच्या समोर घाम फुटलेल्या माणसाला हे दोनदा समजावून सांगावं लागत नाही.

त्याला जोडूनच जबाबदारीची वाटणी येते. इमारत, वीज, यंत्रं त्यांची. आपला डेटा आणि आपण वाटलेल्या परवानग्या आपल्या. भाड्याच्या सर्व्हरवरची ऑपरेटिंग सिस्टीम अद्ययावत ठेवणं आपलं काम. पण तयार डेटाबेसची सेवा घेतली, तर ते काम त्यांचं. रेषा कुठे पडते, यावर प्रश्न हमखास येतो.

आता एक नमुना प्रश्न, मीच बेतलेला. एका कारखान्याला लॅबचे जुने रिपोर्ट सात वर्षं ठेवायचे आहेत. ते क्वचितच लागतात आणि मागितल्यावर एक दिवसाची मुदत मिळते. सर्वांत स्वस्त साठवण कुठली? उत्तर: एस-थ्रीचा ‘ग्लेशियर डीप आर्काइव्ह’ हा प्रकार. तिथून फाईल १२ तासांत परत मिळते आणि भाडं सगळ्यांत कमी. आता एकच गोष्ट बदला. ऑडिटर समोर बसलेला आहे आणि रिपोर्ट तिथल्या तिथे दाखवायचा आहे. डीप आर्काइव्ह बाद! आता ‘ग्लेशियर इन्स्टंट रिट्रीव्हल’ हवा. तिथे साठवण जरा महाग, पण फाईल लगेच उघडते. दोन्ही वेळा रिपोर्ट तेच, कारखाना तोच. उत्तर फिरवलं ते मुदतीने. म्हणून प्रश्न वाचताना आधी अट शोधा. ‘सर्वांत कमी खर्च’, ‘सर्वांत कमी देखभाल’, ‘ताबडतोब’. अट हाती लागली की चारपैकी दोन पर्याय आपोआप गळतात.

अभ्यासाचं सांगायचं तर क्लासला पन्नास हजार मोजायची घाई नको. ॲमेझॉनच्या ‘स्किल बिल्डर’वर पायाभूत अभ्यासक्रम आणि अधिकृत नमुना प्रश्न फुकट आहेत. परीक्षेची मार्गदर्शिकाही फुकट मिळते. ती आधी वाचा. डहाणू लोकलने रोज जा-ये करत असाल, तर ती घरीच उतरवून घ्या. रेंजचा भरवसा नाही. आणि हात काळे केल्याशिवाय हे डोक्यात बसत नाही. जुलै २०२५पासून नवं खातं उघडणाऱ्याला सुरुवातीला १०० डॉलरची जमा मिळते, काही ठरावीक कामं केली की आणखी १०० मिळतात, आणि मोफत योजना सहा महिने चालते. खातं उघडल्यावर पहिलं काम बजेटची सूचना लावण्याचं. दुसरं, संध्याकाळी उठताना चालू केलेला सर्व्हर बंद करण्याचं. पंखा चालू ठेवून गावी गेलं तर जे होतं, तेच इथे डॉलरमध्ये होतं.

बाजारात ‘हुबेहूब पेपर’ म्हणून पीडीएफ विकतात. त्यांच्या वाटेला जाऊ नका. तो नियमभंग आहे, सापडलात तर प्रमाणपत्र रद्द होऊ शकतं, आणि मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला पितळ उघडं पडतं.

आणि एक सवलत, जी आपल्या मुलांना बहुधा ठाऊक नसते. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांना इंग्रजी पेपरसाठी ३० मिनिटं जास्त मिळतात. परीक्षेची तारीख घेण्याआधी आपल्या खात्यातून ती मागायची. एकदा मंजूर झाली की पुढच्या पेपरांनाही लागू होते. मराठी माध्यमातून आलेल्यांनी ती संकोच न करता घ्यावी. त्यात कमीपणा कसला?

पेपर घरून देता येतो, पण खोलीत दुसरं कुणी नको, टेबल मोकळं हवं, मोबाईल लांब हवा आणि कॅमेरा सतत चालू. मध्येच आई चहा घेऊन आली तरी पंचाईत. पावसाळ्यात वीज आणि नेट दोन्हीचे नखरे असतात. इन्व्हर्टर नसेल तर सरळ परीक्षा केंद्र निवडा. ओळखपत्रावरचं नाव आणि नोंदणीतलं नाव अक्षरशः जुळतंय ना, तेही आधीच पाहा. नापास झालात तर १४ दिवसांनी पुन्हा बसता येतं, मात्र फी पुन्हा भरावी लागते. पास झालात तर पुढच्या परीक्षेच्या फीत निम्मी सूट मिळते.

हे प्रमाणपत्र तुम्हाला मुलाखतीच्या दारापर्यंत नेईल. आत गेल्यावर विचारतील, ‘‘तुम्ही स्वतः काय केलंत?’’ त्याचं उत्तर आजपासूनच तयार करता येईल. उद्या कामावर गेलात, की एवढंच विचारा: आपला बॅकअप शेवटचा परत उतरवून कधी पाहिला? घेतला कधी, हे सगळे सांगतील. तो पुन्हा चालू होतो का, हे करून बघणारे थोडे. वरिष्ठांची परवानगी घेऊन तेवढं एकदा करून पाहा, किती वेळ लागला ते लिहून ठेवा, आणि मुलाखतीत तेच सांगा.