परवान्याच्या पानांऐवजी परस्परसमज

 आजचा विषय आधी लहान महाविद्यालयांच्या ग्रंथपालांचा आहे.

छापील नियतकालिकाची वर्गणी भरली की अंक येऊ लागतो. वेगळा करारनामा कुणी मागत नाही. कॉपीराइट कायदा पुरतो. तेच नियतकालिक ऑनलाइन घ्यायचे ठरले, की परवाना कराराची पाने पुढ्यात येतात. ग्रंथपालाने ती वाचायची, कलमांवर शंका काढायच्या, कायदा सल्लागाराची वाट पाहायची, मग प्राचार्यांची सही. एखाद्या अभ्यासमंडळाच्या त्रैमासिकासाठी एवढा खटाटोप वर्गणीपेक्षा महाग पडतो. तशा प्रकाशकाकडेही वकील कुठे असतो?

अमेरिकेत ग्रंथपाल आणि प्रकाशक यावर एकत्र बसले. तिथल्या ‘नायसो’ या मानक संस्थेने 2008 साली ‘शेअर्ड इलेक्ट्रॉनिक रिसोर्स अंडरस्टँडिंग’, थोडक्यात ‘सेरू’, ही शिफारस प्रसिद्ध केली. यात करारावर सही नाही. दोन्ही पक्ष नोंदणीत नाव घालतात आणि खरेदी आदेशात सेरूचा उल्लेख करतात. विद्यार्थी, अध्यापक, कर्मचारी यांच्याबरोबर ग्रंथालयात येऊन बसणाऱ्या बाहेरच्या वाचकालाही त्यात जागा आहे, ही गोष्ट फार मोलाची. सरसकट डाउनलोडला मात्र मनाई आहे. वाचकाची गोपनीयता आणि जुन्या अंकांचे जतन यांचाही विचार आहे. 2012 च्या सुधारणेने ई-पुस्तकांनाही वाट मोकळी झाली.

करार नाही म्हणजे मोकळे रान, ही प्रकाशकांची भीती समजण्यासारखी आहे. पण कायदा जागेवरच असतो. मोठ्या, अनेक वर्षांच्या व्यवहारांना लेखी करार हवाच. उदाहरणार्थ, ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या देशव्यापी वर्गणी योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर 2024 मध्ये मंजुरी दिली: तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये, 30 प्रकाशक, सुमारे 13,000 नियतकालिके. एवढा पसारा परस्परसमजावर चालणार नाही.

प्रश्न उरतो तो योजनेबाहेरच्या महाविद्यालयांचा आणि छोट्या मराठी संशोधनपत्रिकांचा. तिथे रक्कम थोडी असते आणि दोन्ही बाजू एकमेकांना ओळखतात. सेरूसारखी पद्धत तिथेच शोभते. या परिषदेच्या पहिल्या सत्रात संपादक आणि ग्रंथपाल समोरासमोर बसणार आहेत. वाचक कोण, प्रती किती काढता येतील, वर्गणी थांबल्यावर जुने अंक कुठे मिळतील, एवढे तरी त्यांनी एका पानावर साध्या मराठीत लिहून काढावे, ही स्वागत समितीची आग्रहाची विनंती आहे.