संघटना, श्रद्धा आणि बाईची साक्ष
(अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



अमेरिकेतल्या मॉर्मन पंथाच्या सुरुवातीच्या काळात आतूनच जो विरोध झाला, त्याबद्दल मी आज बोलणार आहे. विषय लांबचा वाटेल. पण ज्या समाजावर बाहेरून खरोखरच अत्याचार होत असतात, त्याच्या आतल्या बाईनं तक्रार घेऊन जायचं कुठं, हा प्रश्न या इतिहासात फार स्पष्ट दिसतो.

जोसेफ स्मिथ या तरुणानं १८३० साली न्यूयॉर्क राज्यात हा पंथ स्थापन केला. आपल्याला ईश्वराकडून थेट आदेश येतात, असं तो सांगे. त्याचे अनुयायी बहुतेक गरीब, कष्टकरी. त्यांचा छळ झाला, ही गोष्ट आधीच मान्य करू. १८३८ साली मिसुरी राज्याच्या गव्हर्नरनं हुकूम काढला, की मॉर्मनांना राज्याबाहेर हाकला नाहीतर नेस्तनाबूत करा. त्याच आठवड्यात एका वस्तीवर जमावानं हल्ला करून सतरा माणसं मारली. उरलेले लोक घरंदारं टाकून इलिनॉय राज्यात आले आणि मिसिसिपी नदीकाठी त्यांनी नॉव्हू हे गाव वसवलं.

आतला विरोध याआधीच सुरू झाला होता. ओहायोतल्या कर्टलंड गावी पंथाच्या पुढाऱ्यांनी काढलेली पतपेढी १८३७ साली बुडाली, अनेकांचे पैसे गेले आणि बरेच जुने सहकारी दुरावले. त्यातला एक ऑलिव्हर काउडरी, अगदी पहिल्या दिवसापासूनचा साथी. स्मिथच्या घरी काम करणाऱ्या फॅनी अल्जर या मुलीशी त्याचे संबंध होते, असं काउडरी म्हणत होता. १८३८ साली त्याला पंथातून काढलं. त्याच्यावरच्या आरोपांपैकी एक होता, प्रमुखाची बदनामी केल्याचा. भांडण दोन पुरुषांमधलं. ज्या मुलीबद्दल ते चाललं होतं, तिची साक्ष त्या सुनावणीत कुठंच नाही.

नॉव्हूमध्ये बायकांची संघटना उभी राहिली. १७ मार्च १८४२ या दिवशी वीस बायका जमल्या आणि त्यांनी रिलीफ सोसायटी स्थापन केली. अध्यक्ष स्मिथची पत्नी एमा, चिटणीस एलायझा स्नो. गरिबांना मदत आणि गावाच्या नीतिमत्तेची राखण, ही कामं ठरली. दोन वर्षांत सभासदांची संख्या हजारावर गेली.

याच सुमारास पुढारी मंडळी गुपचूप अनेक लग्नं करत होती. बाहेर मात्र साफ नकार. इंग्लंडहून नुकतीच आलेली अठरा वर्षांची मार्था ब्रदरटन हिनं १८४२ साली शपथेवर सांगितलं, की ब्रिगहॅम यंग यानं खोलीचं दार लावून घेऊन तिला लग्नासाठी गळ घातली आणि स्वतः स्मिथनंही आग्रह केला. तिनं विचार करायला वेळ मागितला, तिथून सुटका करून घेतली आणि गाव सोडलं. उत्तरादाखल तिला खोटारडी ठरवण्यात आलं. तिच्या सख्ख्या बहिणींनीही तिच्याविरुद्ध शपथपत्रं दिली. पंथातल्या मोठ्या पुढाऱ्याची मुलगी नॅन्सी रिग्डन हिनं स्मिथला नकार दिला, तर तिच्या चारित्र्यावर वर्तमानपत्रात शिंतोडे उडाले. सारा प्रॅट या विवाहितेच्या वाट्यालाही तेच आलं.

आता संघटनेनं काय केलं? ऑक्टोबर १८४२ मध्ये पंथाच्या नियतकालिकात एक निवेदन आलं. ग्रंथात छापलेल्या विवाहनियमाखेरीज दुसरी कुठलीही पद्धत आम्हाला माहीत नाही, असं त्यात म्हटलं होतं. त्यावर एकोणीस बायकांच्या सह्या होत्या. पहिली अध्यक्षांची, एमाची. एलायझा स्नोचीही होती, आणि त्याच वर्षी जूनमध्ये तिचं स्मिथशी गुपचूप लग्न झालेलं होतं. एलायझाला मी लबाड म्हणणार नाही. तिची श्रद्धा खरी होती, गुप्ततेची शपथ होती आणि छळ करणारे बाहेर टपलेले होते. पण त्या सहीचा भार मार्थासारख्या मुलींवर पडला, हेही तितकंच खरं आहे.

जुलै १८४३ मध्ये बहुपत्नीत्वाचा आदेश लिहून काढला गेला. त्यात एमाचं नाव घेऊन बजावलं आहे, की तिनं हे मान्य केलं नाही तर तिचा नाश होईल. नवऱ्याच्या तोंडून देवाची धमकी! तरी एमा गप्प बसली नाही. मार्च १८४४ मध्ये तिनं संघटनेच्या चार सभांमधून अशा लग्नांविरुद्धचं निवेदन वाचून दाखवलं. त्यानंतर सभा भरल्याच नाहीत. पुढच्या वर्षी ब्रिगहॅम यंगनं संघटनेचं काम थांबवलं.

एप्रिल १८४४ मध्ये स्मिथचा एकेकाळचा जवळचा सल्लागार विल्यम लॉ आणि त्याची पत्नी जेन यांना पंथातून काढण्यात आलं. विरोधकांनी छापखाना घातला आणि ७ जूनला 'नॉव्हू एक्सपॉझिटर'चा अंक काढला. जमिनीचे व्यवहार, एकाच माणसाच्या हाती एकवटलेली धर्माची आणि राज्याची सत्ता, यांवर त्यात टीका होती. आणि जेनचं शपथपत्र होतं: तो आदेश मी वाचला आहे, नवऱ्याला आणखी बायका करू न देणारी पत्नी त्यात दोषी ठरते. तीन दिवसांनी स्मिथ महापौर असलेल्या नगरसभेच्या हुकुमावरून छापखाना फोडला गेला. दुसरा अंक निघालाच नाही. या प्रकरणात स्मिथला अटक झाली आणि २७ जूनला तुरुंगात घुसलेल्या जमावानं त्याला आणि त्याच्या भावाला ठार केलं. हा खूनच होता. पण स्मिथ हुतात्मा झाला आणि जेनसारख्या बायका त्या हौतात्म्याच्या गुन्हेगार ठरल्या.

ब्रिगहॅम यंगबरोबर हजारो लोक युटाहला गेले. एमा नॉव्हूतच राहिली. नवऱ्यानं दुसरी लग्नं केलीच नाहीत, असं ती १८७९ मध्ये मरेपर्यंत सांगत राहिली. स्मिथच्या बायकांची संख्या तीस ते चाळीसच्या दरम्यान असावी, हे चर्चनं स्वतःच्या अधिकृत लेखात मांडलं ते २०१४ साली. मार्थाच्या साक्षीला तोवर एकशे बहात्तर वर्षं झाली होती.

या इतिहासातून मला एक गोष्ट घ्यावीशी वाटते. बाहेरचा छळ खरा असतो आणि आतला अन्यायही खरा असू शकतो. 'आत्ता बोललीस तर शत्रूचं फावेल,' हे वाक्य जातीच्या, धर्माच्या, चळवळीच्या, कुठल्याही लढाऊ गटातल्या बाईला ऐकावं लागतं. कधी ते आपल्याच तोंडून निघतं. म्हणून आपल्या गटात काही गोष्टी आधीच ठरवून ठेवायला हव्यात. तक्रार पुढाऱ्याविरुद्ध असेल तर ती ऐकणारी माणसं त्याच्या हाताखालची नसावीत. तक्रार करणारीच्या चारित्र्याची चर्चा होऊ नये. आणि 'असं काही घडलंच नाही' या निवेदनावर सही करण्यापूर्वी, जी बोलते आहे तिला एकदा समोर बसवून ऐकावं. रिलीफ सोसायटीकडे हजारावर बायका होत्या. मार्थाला त्यातली एक जरी भेटली असती, तरी गाव सोडताना ती एकटी पडली नसती.