ताटापुढची प्रार्थना
(ज्युबिली महोत्सवानिमित्त लोणार येथे धर्मग्रामस्थांपुढे केलेले भाषण)



ज्युबिलीच्या मंगलप्रसंगी धर्मगुरूने काही मोठे सांगावे, ख्रिस्तसभेच्या पराक्रमाचे अथवा पूर्वजांच्या श्रद्धेचे गुणगान करावे, अशी अपेक्षा असते. ते काम आज सकाळपासून इतर वक्त्यांनी उत्तम प्रकारे केले आहे. त्यात आम्ही भर घालण्याचे कारण नाही. आम्ही तुम्हांस या मंडपातून काढून तुमच्याच स्वयंपाकघरात नेऊ इच्छितो. ज्या घरात दिवसातून दोनदा चूल पेटते आणि दोनदा क्रुसाची खूण होते, त्या घरातील कृपेविषयी आणि उपकारस्मरणाविषयी आम्हांस बोलावयाचे आहे.

आपल्या कॅथलिक कुटुंबांत भोजनापूर्वी प्रार्थना करण्याची वहिवाट आहे. कोठे ती मोठ्याने होते, कोठे मनातल्या मनात. कोठे घरातील लहान मूल ती घाईघाईने म्हणते आणि 'आमेन'बरोबरच भाकरीचा तुकडा मोडते. वहिवाट चांगली आहे व ती टिकावी. परंतु आम्ही घरोघरी भेटीस जातो तेव्हा एक गोष्ट वारंवार दृष्टीस पडते. पुरुष मंडळी, मुले आणि पाहुणे म्हणून आम्ही, असे सर्व जण ताटावर बसतो, डोळे मिटतो, अन्नाबद्दल परमेश्वराचे आभार मानतो; आणि जिने ते अन्न रांधिले ती त्या क्षणी तव्यावरची भाकर उलटीत असते. पंगतीत ती नसते, प्रार्थनेत ती नसते, आणि प्रार्थनेच्या शब्दांतही तिचा उल्लेख नसतो. सर्वांचे झाल्यावर टोपल्यात जी भाकर उरली असेल, बहुधा करपलेलीच, ती व तळाचे वरण घेऊन ती एकटी बसते. तिने क्रुसाची खूण केली की नाही हे पाहावयास कोणी जागेवर राहिलेले नसते.

हे केवळ दारिद्र्यामुळे होते असे म्हणावे, तर ज्यांच्या घरी ज्वारीच्या कणग्या भरलेल्या आहेत तेथेही हीच रीत. सन 2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील 15 ते 49 वर्षे वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयाने पीडित आढळल्या. रक्तक्षयाची कारणे अनेक आहेत आणि आम्ही काही वैद्य नव्हे. तथापि जी शेवटी जेवते तिच्या वाट्यास काय येते, हे समजण्यास वैद्यक शिकावे लागत नाही.

यावर एक आक्षेप आम्ही ऐकिला आहे. "फादर, देणारा परमेश्वर, मग माणसाचे आभार कशास?" आक्षेप भाविक दिसतो, पण तो पोकळ आहे. परमेश्वर देतो हे सत्य. परंतु तो वाढलेले ताट आकाशातून खाली सोडीत नाही. रानात इस्राएल लोकांस त्याने मान्ना दिला, तोसुद्धा त्यांना रोज सकाळी बाहेर जाऊन वेचून आणावा लागे. (तंबूतंबूतून पहाटे उठून तो कोणी वेचला असेल, याविषयी आम्हांस फारसा संशय नाही.)

आणि ख्रिस्तसभेची स्वतःची रीत पाहा. आपण ज्यास पवित्र मिस्सा म्हणतो त्याचे प्राचीन ग्रीक नाव 'युखारिस्तिया', म्हणजेच उपकारस्तुती. प्रभूने शेवटल्या भोजनाच्या वेळी भाकर हाती घेतली, ती प्रथम उपकारस्तुती करून मग मोडिली. पोप सहावे पौल यांनी 1969 साली संमत केलेल्या मिस्साविधीत, वेदीवर भाकर अर्पिताना धर्मगुरू सृष्टीच्या परमेश्वरास धन्यवाद देतो, आणि त्याच प्रार्थनेत ही भाकर भूमीने दिली व मनुष्याच्या हातांनी घडविली, असेही स्पष्ट म्हणतो. ज्याने दाणा पेरिला, ज्याने तो खुडिला, ज्याने दळिला, जिने पीठ मळिले, त्या सर्वांचे हात अशा रीतीने वेदीपर्यंत येऊन पोहोचतात. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने 1964 साली कुटुंबास घरातील ख्रिस्तसभा असे गौरवाने संबोधिले. मोठ्या ख्रिस्तसभेत ज्या हातांचे नाव घेतल्यावाचून भाकर अर्पिली जात नाही, त्या हातांचा घरातील ख्रिस्तसभेत मात्र कोणी उच्चार करीत नाही. ही विसंगती आम्हांस बोचते.

आपण कृतघ्न लोक आहोत असे मात्र नव्हे. श्रावण अमावास्येस पोळा येतो. आदल्या सायंकाळी आपला वऱ्हाडातील शेतकरी बैलाचे खांदे हळद आणि तुपाने चोळतो. दुसऱ्या दिवशी त्याच्या शिंगांस रंग, पाठीवर झूल, आणि त्यास पुरणपोळीचा घास. त्या दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवीत नाहीत. वर्षभर जो राबला त्याचे ऋण निदान एक दिवस तरी मानावे, ही भावना किती सुंदर आहे! पण ती पुरणपोळी लाटण्यासाठी पहाटेपासून जी पाट्यापाशी आणि चुलीपाशी वाकली, तिचा पोळा कोणत्या अमावास्येस येतो? बैलास आपण घास भरवितो, तिला आपण विचारतो, "पोळी जाड का झाली?"

कोणी म्हणेल, आपल्या भाषेत घरच्या माणसाचे आभार मानण्याची रीतच नाही. यात तथ्य आहे. 'धन्यवाद' हा शब्द सभामंडपातला; 'आभार' या शब्दात तर भारच आहे. इंग्रजी 'थँक यू' मुलांच्या तोंडी शाळेतून आले आहे. ते दुकानदारास म्हटले जाते, आईस नाही. शेतातून आलेल्या नवऱ्याने पाण्याचा तांब्या हाती घेऊन बायकोस 'मी आपला आभारी आहे' असे म्हटले, तर ती प्रथम त्याच्या कपाळास हात लावून ताप पाहील. म्हणून परक्यांची रीत जशीच्या तशी उचलावी असे आम्ही सांगत नाही. आपल्या भाषेत शब्द थोडे असले तरी वाटा पुष्कळ आहेत. जेवून उठताना "आज गोड झालं" म्हणणे, ही एक. सुनेच्या हातच्या कालवणाची स्तुती सासूने शेजारणीजवळ करावी, पण ती सुनेच्या कानी पडेल एवढ्या आवाजात करावी, ही दुसरी; आणि आमच्या अनुभवास आले आहे की, अशा एका वाक्याने जे भांडण मिटते ते आमच्या चार उपदेशांनीही मिटत नाही. परंतु या सर्वांहून श्रेष्ठ असे आपल्या लोकांचे एक वाक्य आहे, आणि ते अगदी साधे आहे: "तू जेवली का वं?"

ज्याने हे विचारिले त्याने मानावयाचे सर्व आभार मानिले, असे आम्ही समजतो. अट एवढीच की, विचारून थांबावे. उत्तर ऐकावे. ती "खाईन मागून" म्हणाली, तर ते उत्तर नव्हे हे ओळखावे, आणि टोपल्यात काय उरले आहे ते उठून स्वतः पाहावे.

2025 साली प्रभूच्या घरी गेलेले आपले पोप फ्रान्सिस कुटुंबांस तीन शब्दांचा आग्रह करीत असत. 2016 च्या 'आमोरिस लेतित्सिया' या पत्रातही त्यांनी तो केला आहे. परवानगी मागणे, आभार मानणे आणि क्षमा मागणे, हे ते तीन शब्द. दुसऱ्याविषयी आम्ही बोललोच. पहिल्याचा अर्थ आपल्या घरांत असा की, सोयाबीन कोणास विकावयाचे, मुलीचे स्थळ पाहावयाचे की तिला पुढे शिकवावयाचे, हे ठरवून झाल्यावर घरी कळवू नये, आधी विचारावे. तिसरा शब्द, "चुकलं माझं", हा आमच्या धर्मग्रामात पापनिवेदनाच्या जागी पुष्कळ ऐकू येतो. ज्याच्याशी चुकले त्याच्यापुढे तो फार थोड्यांच्या तोंडून निघतो.

आभार मनात असतात, बोलून दाखविण्याची गरज काय, असेही काही जण म्हणतात. मृत समुद्राचा दाखला यावर पूर्वीचे उपदेशक देत; आपणांस एवढ्या दूर जाण्याची गरज नाही. उल्कापाताने झालेला आपला हा सुमारे 1.8 किलोमीटर रुंदीचा खड्डा पाहावयास जगातून विद्वान येतात; 2020 साली त्यास रामसर यादीत स्थान मिळाले. आपण मात्र त्याच्या काठी राहून त्याकडे क्वचितच पाहतो. काठावर गोमुखाजवळ गोड्या पाण्याची धार बारमाही वाहते. तेच गोड पाणी, पावसाच्या पाण्यासह, खाली सरोवरास जाऊन मिळते, आणि सरोवर मात्र खारट. एवढे की पूर्वी लोक त्यातून क्षार काढून विकीत. कारण उघड आहे. सरोवरास येण्याच्या वाटा आहेत, जाण्याची वाट नाही. आलेले पाणी उन्हाने उडून जाते आणि क्षार मागे साचत राहतो. 2020 च्या जूनमध्ये पाणी ओसरून क्षार इतका वाढला की, त्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे सारे सरोवर गुलाबी झाले, आणि ते पाहण्यासाठी गर्दी लोटली. मनात आलेले उपकार मनातच ठेवणाऱ्या घरांची स्थिती आम्हांस अशीच दिसते. प्रभूच्या कृपेची धार तेथेही अहोरात्र पडत असते. पडत नाही असे नाही.

आता एका घराचे उदाहरण देतो. ते घर आपल्या कॅथलिक सभेचे नव्हते, तरी महाराष्ट्रातील कोणत्याही ख्रिस्ती माणसाने त्याविषयी आदरच बाळगावा. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी काही वर्षांच्या वियोगानंतर व पुष्कळ मनोमंथनानंतर 1900 साली घेतला. लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' 1934 पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली. टिळकांचे औदार्य सर्वश्रुत आहे. हाती पैसा ठरत नसे, आणि दारी आलेला भुकेला परत जात नसे. पण पुस्तक वाचताना ध्यानात येते की, दार उघडणारे टिळक असले तरी चूल पेटविणाऱ्या लक्ष्मीबाई होत्या. नवरा दान करी, आणि त्या दानाचे पीठ बायको मळी. हे सर्व त्यांनी हसतहसत लिहिले आहे. ज्यांच्या घरी 'स्मृतिचित्रे' नसतील त्यांनी ती अवश्य आणावी, आणि शक्य तर रात्री जपमाळेनंतर घरात मोठ्याने वाचावी; पुरुषांनी वाचावी आणि स्त्रियांनी ऐकावी.

आतापर्यंत स्त्रियांच्या बाजूने बोललो म्हणून पुरुषांनी रुष्ट होऊ नये. त्यांचीही एक बाजू आहे आणि ती कमी दुःखाची नाही. 2006 साली केंद्र शासनाने शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे विदर्भाच्या ज्या 6 जिल्ह्यांसाठी साहाय्य जाहीर केले, त्यांत आपला बुलढाणा होता. त्यानंतर पुष्कळ पाणी वाहून गेले, पण विहिरी भरल्या नाहीत. कर्ज पैशाने फिटते, गोड शब्दाने नाही. त्याविषयी शासनास व सावकारास जाब विचारलाच पाहिजे, आणि जे घर उद्ध्वस्त झाले त्यास कोणीही दोष देऊ नये. आम्ही एवढेच म्हणतो की, ज्याचे सोयाबीन पावसात सडले तो सायंकाळी घरी येतो तेव्हा हिशेब त्याच्या डोक्यात आधीच मांडलेला असतो. तो उंबऱ्यावर पुन्हा मांडू नये. यंदा उत्पन्न झाले नाही, तरी राबणे झालेच आहे. त्या राबण्याचे उपकार मुलांनी मानावे. मोठ्या मुलाने बापाच्या हातचे फावडे घ्यावे, धाकट्याने पाय धुण्यास पाणी द्यावे, आणि घरात काही शिजले असेल ते त्याच्याबरोबर बसून खावे. तो एकटा कोपऱ्यात बसला असेल, तर त्यास एकटा सोडू नये.

एक शेवटची गोष्ट, आणि मग तुम्हांस भुकेले ठेवीत नाही. योहानाच्या शुभवर्तमानाच्या एकविसाव्या अध्यायात, पुनरुत्थित प्रभू तिबिर्याच्या सरोवराकाठी शिष्यांस भेटतो. मृत्यूस जिंकलेला प्रभू; त्याने त्या वेळी काय करावे? रात्रभर राबून शिष्यांच्या हाती काही लागले नव्हते. प्रभूने काठावर कोळशाचा विस्तव पेटविला होता, त्यावर मासळी ठेविली होती, आणि भाकर तयार होती. "या, न्याहारी करा," असे तो म्हणाला, आणि स्वतः भाकर घेऊन त्यांस दिली. पेत्राने त्यास तीन वेळा नाकारिले होते; त्याविषयीचे बोलणे न्याहारी झाल्यावर निघाले, आधी नाही.

आता भोजनाविषयी. ज्युबिलीच्या या पंगतीची व्यवस्था आम्ही समितीच्या अनुमतीने थोडी बदलिली आहे. मंडपामागे पहाटेपासून ज्या भगिनी चुलीपाशी आहेत, त्या आणि धर्मग्रामातील सर्व स्त्रिया पहिल्या पंगतीस बसतील. पत्रावळी मांडण्यास तरुण मंडळाने यावे. भात व वरण समितीच्या सभासदांनी वाढावे, पाणी मुलांनी. ताटापुढची प्रार्थना आज वाढणारे म्हणतील, आणि तीत परमेश्वराच्या नावामागोमाग रांधणाऱ्यांची नावे घेतली जातील. ती आम्ही लिहून घेतली आहेत. मीठ आम्ही स्वतः वाढणार आहोत.