आवाज कोणाचा, कोणापुढे?
(जिल्हा बैठकीतील भाषण)



मागच्या मृगात माझ्या हातून चूक झाली. डीएपीच्या पोत्याबरोबर नको ते दुसरं खत गळ्यात मारतात, त्या लिंकिंगची हकीगत एका भावानं माझ्या मोबाईलवर बोलून दिली. नाव कुठंच घेतलं नव्हतं. मी ती तशीच तीन व्हॉट्सॲप गटांवर सोडली. चौथ्या दिवशी दुकानदार त्याला म्हणाला, "आवाज तुझाच ना? आता बियाणं रोखीनं ने." ऐन पेरणीत उधारी बंद. बायकोचं डोरलं गहाण गेलं. गोठ्यातला बैलसुद्धा धन्याचा आवाज ओळखतो. मी शेतीचा पदवीधर, मला ते कळलं नाही.

कुणी म्हणेल, ॲपवर आवाज जाड करायचा होता. नुसता जाड-बारीक केलेला आवाज उलटा फिरवून बराचसा मूळ रूपात आणता येतो. शिवाय बोलण्याची ढब तशीच राहते. 'नाल्याकाठची माझी दोन एकर पऱ्हाटी' म्हटलं की गावाला नाव सांगावं लागत नाही. 2020 पासून 'व्हॉइसप्रायव्हसी चॅलेंज'मध्ये जगभरचे संशोधक ओळख झाकून शब्द शाबूत ठेवण्याच्या पद्धती तपासतात. 2024 साली त्यांनी बोलण्यातला राग, दुःखही टिकलं पाहिजे अशी अट घातली. म्हणजे तिथंही ओढाताण आहेच.

म्हणून आधी विचारा, रेकॉर्डिंग कशासाठी? कृषी अधिकाऱ्याकडे तक्रार करायची तर आवाज बदलू नका, बदललेल्या पुराव्यावर लगेच बोट ठेवतात. मूळ रेकॉर्डिंग जपा, अधिकाऱ्यालाच द्या. गटावर टाकायचं तर आवाज नकोच; मजकूर लिहून काढा, शेताच्या खुणा गाळा, दुसऱ्या गावच्या माणसाकडून वाचून घ्या. आजीच्या जात्यावरच्या ओव्या मात्र तिच्या संमतीनं, तिच्या नावानिशी ठेवा. तिथं नाव झाकणं म्हणजे तिचं धन पळवणं.

आणि यंत्राला मराठी शिकवायला तुमचा आवाज मागायला कुणी आलं, तर आणखी कशाला वापरणार ते लिहून मागा. संमती ठरलेल्या कामापुरतीच, आणि ती परत घेता येते, असं 2023 च्या डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायद्यात लिहिलं आहे.

लिंकिंगच्या पावत्या आज माझ्याकडे द्या, तक्रार संघटनेच्या नावानं जाईल. तो भाऊ इथं बसला आहे का, हे मात्र मला विचारू नका.